सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर धंद्यात कसं उतरवायचं: नागपुरी कूलर व्यवसायाच्या उदाहरणावरून

मार्चचा तिसरा आठवडा लागला की नागपुरातल्या कूलरवाल्यांचे फोन थांबत नाहीत. सीताबर्डीच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, कूलर आज घरी येईल का? दुकानातला माणूस वाडीच्या गोदामाला फोन लावतो. मंगल कार्यालयाला 40 कूलर भाड्याने द्यायचं कबूल केलेला माणूस त्याच वेळी त्याच गोदामाला फोन करत असतो. दुरुस्तीवाल्याला पंप हवे असतात. गोदामातला माणूस तिघांनाही "हो, होऊन जाईल" म्हणतो, कारण तिघंही घरचेच. संध्याकाळी कळतं की माल दोघांपुरताच होता.

अशा वेळी बहुतेक मालक सॉफ्टवेअर पाहायला निघतात. पण गोदामाने नेमकं कुणाला काय कबूल करायचं हेच ठरलेलं नसेल, तर तोच गोंधळ संगणकावर जाऊन बसतो. कुणी, कुणाला, कशाची, कोणत्या अटींवर हमी द्यायची हे आधी ठरवणं आणि त्या हमींवर धंदा उभा करणं, याला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर (थोडक्यात एसओए) म्हणतात. पुढे सोयीसाठी 'सेवारचना' म्हणू.

हा शब्दप्रयोग गार्टनर या संशोधन संस्थेच्या विश्लेषकांनी 1996 मध्ये वापरात आणला. पुढच्या दहा वर्षांत एक्सएमएल, सोप, एंटरप्राइज सर्व्हिस बस अशी सॉफ्टवेअरनी एकमेकांना माहिती देण्या-घेण्याची तंत्रं त्याला चिकटली आणि 'एसओए म्हणजे सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्याची पद्धत' असा समज पक्का झाला. पण ओएसिस या मानक संस्थेने 2006 मध्ये जो संदर्भ-आराखडा मांडला, तो कोणत्याही एका तंत्रज्ञानाला बांधलेला नाही. एखादी क्षमता, ती मागण्याचा ठरलेला मार्ग आणि वापरण्याच्या लिखित अटी, एवढं असलं की त्याच्या मते सेवा होते. द ओपन ग्रुप या दुसऱ्या मानक संस्थेची व्याख्या धंदेवाल्याला आणखी जवळची आहे. ती म्हणते, सेवा म्हणजे पुन्हा पुन्हा होणारं, ठरावीक निष्पत्ती असलेलं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं व्यावसायिक काम. मागणाऱ्याला त्याच्या आत डोकावावं लागत नाही, आणि ते काम स्वतः दुसऱ्या सेवांचं बनलेलं असू शकतं. ऑक्टोबर 2009 मध्ये जाहीर झालेल्या एसओए जाहीरनाम्यानेही तांत्रिक धोरणापेक्षा व्यवसायातलं मूल्य वर ठेवलं.

या लेखातला व्यवसाय नमुन्यासाठी रचलेला आहे. हिंगणा एमआयडीसीत कूलर जोडणीचा कारखाना, वाडीला गोदाम, सीताबर्डी आणि सक्करदऱ्याला दुकान, एकूण 45 माणसं. विक्री, भाडं, दुरुस्ती आणि कार्यालयांचे एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) असे चार धंदे एका छपराखाली. त्यातले आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, तिथे तुमचे घाला.

सेवा कशाला म्हणायचं

'अकाउंट्स' ही सेवा नाही, तो विभाग आहे. 'टॅली' ही सेवा नाही, ते साधन आहे. 'स्टॉकचं रजिस्टर भरणं' हीसुद्धा सेवा नाही, कारण ते कुणी मागत नाही. ते गोदामाचं आतलं काम आहे. 'उधारी मंजुरी' मात्र सेवा आहे. दुकान विचारतं, या गिऱ्हाइकाला 60,000 पर्यंत माल उधार द्यायचा का? उत्तर येतं: हो, नाही, किंवा 35,000 पर्यंत.

शंका आली तर एक प्रश्न विचारा. हेच काम उद्या बाहेरच्या माणसाला दिलं, तर मागणाऱ्याला आपली रीत बदलावी लागेल का? लागणार नसेल, तर ती सेवा आहे. पोहोचवणी स्वतःच्या टेम्पोने झाली काय किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून झाली काय, दुकान पत्ता, नग आणि वेळ तेवढी देतं. म्हणून पोहोचवणी ही सेवा. याउलट 'शोरूम सांभाळणं' बाहेर द्यायचं म्हटलं की पंचवीस गोष्टी सोबत द्याव्या लागतात. म्हणजे तिथे बऱ्याच सेवा एकत्र गुंडाळलेल्या आहेत.

पहिली पायरी: सात दिवसांची मागणी-वही

सुरुवात विभागांच्या तक्त्यावरून करू नका. तक्ता पाहून काढलेल्या सेवा हटकून विभागांसारख्याच निघतात आणि सगळी मेहनत नावं बदलण्यात जाते. प्रत्येक ठिकाणी एक 100 पानी वही ठेवा. कुणीही कुणाकडे काही मागितलं की एक ओळ लिहायची: कुणी मागितलं, काय मागितलं, सोबत काय माहिती दिली, काय मिळालं आणि किती वेळाने. फोनवरची मागणी, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज, दारातून ओरडून सांगितलेलं काम, सगळं लिहायचं.

मालकाच्या मागण्याही वहीत आल्या पाहिजेत. रांग मोडून काम करून घेण्याची सवय बहुतेक ठिकाणी वरूनच लागलेली असते, आणि त्या ओळी वगळल्या तर खाली वेळ का पाळला जात नाही याचं कारण कधीच सापडत नाही.

वही एप्रिलमध्ये भरा. शांत महिन्यात भरलेल्या वहीत सगळं सुरळीत दिसतं, खरी ओढाताण पारा 43 वर गेल्यावर दिसते. बदल मात्र उन्हाळ्याची गर्दी ओसरल्यावर करा. नवतपा सुरू असताना, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, कामाच्या रीतीला हात लावायचा नाही. तेव्हा लोक जुन्या सवयीवर चालतात आणि त्यांना तसंच चालू द्यावं.

या टप्प्यावर हमखास बिघडतं ते एकच. लोक 'काय मागितलं' याऐवजी 'मी काय केलं' लिहितात. 'स्टॉक तपासला' असं लिहिलेली ओळ उपयोगाची नाही. 'सक्करदऱ्याने उद्यासाठी 24 इंची 2 नग बाजूला ठेवायला सांगितले, मॉडेल सांगितलं नाही, 40 मिनिटांनी उत्तर दिलं' अशी ओळ हवी. पहिल्या संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र बसून वाचा आणि चुकलेल्या ओळी तिथल्या तिथे पुन्हा लिहून घ्या. दुसऱ्या दिवसापासून सुधारणा दिसते.

दुसरी पायरी: चिठ्ठ्या, गठ्ठे आणि नावं

आठवड्यात तीन-चारशे ओळी जमतात. प्रत्येक ओळीची चिठ्ठी करा आणि टेबलावर पसरा. मागणाऱ्याला शेवटी काय हवं होतं त्यावरून गठ्ठे लावा, कुणी मागितलं यावरून लावू नका. "आहे का?", "ठेवून दे", "माझ्या नावाचा बाजूला काढ", "कुणाला देऊ नको" हे चारही एकाच गठ्ठ्यात जातात. चौघांनाही एकच गोष्ट हवी आहे: त्या तारखेला तो माल आपलाच असेल याची खात्री. त्या गठ्ठ्याला 'स्टॉक राखून ठेवणं' असं नाव द्या. 'गोदाम व्यवस्थापन' यासारखं नाव घेतलं की त्यात काहीही मावतं, म्हणून नावात निष्पत्ती दिसू द्या.

आपल्या नमुन्यात आठ सेवा निघतात: दर सांगणं, उधारी मंजुरी, स्टॉक राखणं, पोहोचवणी, बसवणी, दुरुस्ती-भेट, बिल, वसुली. 40-50 माणसांच्या धंद्यात साधारण 8 ते 12 पुरतात. पंचविसावर गेलात तर तुम्ही सेवा मोजत नाही, कामं मोजत आहात.

कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं यात खरा अनुभव लागतो. पोहोचवणी आणि बसवणी घ्या. विक्रीच्या चष्म्यातून पाहिलं तर हे एकच काम. टेम्पो जातो, त्याच माणसांनी स्टँड लावायचा, कूलर खिडकीला बसवायचा, पाणी भरून पंप चालू करून दाखवायचा. पण भाड्याच्या व्यवहारात कूलर नेऊन ठेवायचा आणि चार दिवसांनी उचलून आणायचा असतो, तिथे बहुतेक वेळा काही बसवायचं नसतं. एएमसीमध्ये उलट, वाहतूक नाही पण दर हंगामाला खसच्या ताट्या किंवा हनीकोम्ब पॅड बदलून, मोटर आणि पंप तपासून कूलर पुन्हा लावायचा असतो. एकीला टेम्पो लागतो, दुसरीला कारागीर लागतो. एकीचा भाव किलोमीटरवर, दुसरीचा हाताच्या कामावर. म्हणून या दोन सेवा वेगळ्या काढाव्या लागतात. नेहमी एकच माणूस दोन गोष्टी एकत्रच मागत असेल आणि दोन्हींचे नियम एकाच वेळी बदलत असतील, तर मात्र जोडून टाका.

तिसरी पायरी: प्रत्येक सेवेचं एक पानी पत्रक

सगळ्या कामाचा कणा हे पत्रक आहे, म्हणून एक पूर्ण नमुना देतो.

सेवा: स्टॉक राखून ठेवणं
कशासाठी: ठरल्या तारखेला ठरलेला माल मिळेल याची हमी
कोण मागू शकतं: दोन्ही दुकानं, भाडे, दुरुस्ती. गिऱ्हाईक थेट नाही
मागताना द्यायचं: ऑर्डर क्रमांक, मॉडेल, नग, तारीख
उत्तर: तीनपैकी एक. 'राखला' / 'इतकेच नग राखले' / 'नाही, अमुक तारखेला होईल'
उत्तराची वेळ: सकाळी 10 ते संध्याकाळी 7, मागितल्यापासून 15 मिनिटं
मुदत: विक्रीसाठी 24 तास. भाड्यासाठी बयाणा जमा झाल्यास कार्यक्रमाच्या तारखेपर्यंत. मुदत संपली की माल आपोआप मोकळा
रद्द करणं: त्याच ऑर्डर क्रमांकाने, कुणीही कारण न विचारता
तीच मागणी पुन्हा आली तर: आधीचंच उत्तर द्यायचं, नवा माल राखायचा नाही
या सेवेत नाही: भाव सांगणं, गाडी ठरवणं
कर्ता: गोदाम प्रमुख
मोजमाप: राखलेल्या 100 पैकी 97 ऑर्डरींना माल वेळेत हाती
आवृत्ती: 1, पुढचा फेरविचार दिवाळीनंतर

यातल्या तीन ओळी लोक सर्रास विसरतात. पहिली मुदतीची. मुदत नसेल तर दुकानं 'असू दे, लागेल' म्हणून माल अडवून ठेवतात, आणि गोदाम भरलेलं असूनही विकायला कूलर नसतो. दुसरी पुनरावृत्तीची. फोन कट झाला, मेसेज पोहोचला की नाही कळलं नाही, म्हणून माणूस पुन्हा मागतो. क्रमांक नसेल तर गोदाम दोनदा माल बाजूला काढतं. ऑर्डर क्रमांक पहिल्या मागणीलाच पडला पाहिजे, बिलाच्या वेळी नाही. तिसरी 'या सेवेत नाही' ही ओळ. ती लिहिली नाही तर हळूहळू गोदामाला भावही विचारला जातो, त्याने सांगितलेला भाव दुकानाच्या भावाशी जुळत नाही, आणि भांडण गिऱ्हाइकासमोर होतं.

'इतकेच नग राखले' हे अर्धं उत्तरही मुद्दाम ठेवलं आहे. फक्त हो-नाही ठेवलं तर 40 पैकी 36 कूलर असताना 'नाही' जातं आणि ऑर्डर हातची सुटते.

पत्रक एका पानाच्या पुढे गेलं तर कुणी वाचत नाही. ते मराठीत, कामावरच्या माणसाच्या शब्दांत लिहा, आणि पहिल्यांदा लिहिताना मागणारा आणि देणारा दोघांनाही समोर बसवा. एकट्या गोदामाने लिहिलेल्या पत्रकात सगळ्या अटी गोदामाच्या सोयीच्या येतात.

चौथी पायरी: एक कर्ता आणि झाकलेलं आतलं काम

एका सेवेला एकच कर्ता असावा. घरात जसा कर्ता माणूस असतो तसा: शब्द त्याचा, आणि जबाबही त्याचाच. दोन कर्ते असले की चुकीच्या दिवशी दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. कर्त्याला पत्रकाबाहेरची मागणी नाकारण्याचा अधिकार लागतो, आणि तो अधिकार मालकाने सगळ्यांसमोर द्यावा लागतो. मालकाने स्वतः पहिली नकाराची वेळ मान्य केली की बाकीचे आपोआप मानतात.

बदल्यात कर्त्याला एक मोठं स्वातंत्र्य मिळतं. आतलं काम कसं करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. गोदामाने रजिस्टर ठेवावं, फळ्यावर खडूने लिहावं की बारकोड लावावा, याच्याशी दुकानाला घेणं नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये सॉफ्टवेअरसाठी हेच सुचवलं होतं: बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका भागाच्या आत लपवून ठेवा, म्हणजे बदलाची झळ बाकीच्यांना लागत नाही. धंद्यात याचा अर्थ फार सरळ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 आणि 18 मध्ये आणल्या गेल्या. ज्या व्यवसायात कर लावण्याचं काम एकट्या बिल सेवेकडे असतं, त्याला असा बदल एका जागी करावा लागतो. दुकानाच्या एक्सेलमध्ये, भाड्याच्या कोटेशनमध्ये आणि दुरुस्तीच्या पावतीपुस्तकात वेगवेगळा दर कोरलेला असेल, तर प्रत्येक ठिकाण शोधत बसावं लागतं आणि एखादं राहूनच जातं.

ई-वे बिलाचंही तसंच. मालाची किंमत ठरावीक मर्यादेपुढे गेली की वाहतुकीआधी हे बिल ऑनलाइन काढावं लागतं. वाडीहून वर्ध्याला माल गेला तर महाराष्ट्रांतर्गत मर्यादा 1 लाख रुपये. तोच टेम्पो छिंदवाड्याला गेला तर राज्य बदलतं आणि मर्यादा 50,000 वर येते. हे ज्ञान पोहोचवणी सेवेच्या पोटात ठेवा. दुकानातल्या मुलाला ते माहीत असण्याची गरज नाही, त्याने पत्ता आणि मालाची किंमत दिली की झालं.

माहितीलाही कर्ता लागतो. गिऱ्हाइकाचा पत्ता कुणाचा, उधारीची मर्यादा कुणाची, कूलरचा सीरियल नंबर कुणाचा, हे एकेका ओळीत लिहून काढा. दुसऱ्यांनी ती माहिती वाचावी, वापरावी, पण दुरुस्ती कर्त्याकडूनच करून घ्यावी. एकाच गिऱ्हाइकाचे तीन पत्ते तीन ठिकाणी असतील, तर कितीही चांगली सेवारचना टेम्पोला चुकीच्या दारात नेऊन उभी करते.

इथे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांचं 1968 मधलं निरीक्षण लक्षात ठेवा: संस्था जी रचना घडवते, तिच्यावर त्या संस्थेच्या आपापसातल्या बोलण्या-चालण्याचा ठसा उमटतो. भाडे आणि विक्री विभाग एकमेकांशी बोलत नसतील, तर तुमच्याकडे दोन स्टॉक, दोन टेम्पो-वेळापत्रकं आणि दोन गिऱ्हाईक-याद्या तयार होतात. कागदावरची पत्रकं बदलून बसण्याच्या जागा आणि जबाबदाऱ्या तशाच ठेवल्या, तर काही महिन्यांत जुनी घडी परत बसते.

पाचवी पायरी: सेवा जोडून काम उभं करणं

मंगल कार्यालयाची ऑर्डर घेऊ. 40 कूलर, तीन दिवस, पहिल्या दिवशी सकाळी 8 पर्यंत, नुसते ठेवलेले नाही तर लावून चालू केलेले हवेत. यात पाच सेवा येतात: स्टॉक राखणं, उधारी मंजुरी किंवा बयाणा, पोहोचवणी, बसवणी, बिल. प्रत्येकीचं मोजमाप 100 पैकी 97. ऐकायला उत्तम. पण पाचही सेवा एकाच ऑर्डरीत सलग यशस्वी होण्याची शक्यता 0.97 चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे साधारण 0.86. शंभरातल्या 14 ऑर्डरींत कुठे ना कुठे अडकणार, आणि महिन्याच्या बैठकीत प्रत्येक कर्ता मात्र 97 चा आकडा दाखवणार. प्रत्येक सेवा 99 वर नेली तर पूर्ण ऑर्डरीचा आकडा 95 होतो. म्हणून सेवांची मोजमापं ठेवाच, पण 'ऑर्डर पूर्ण, वेळेत, विनातक्रार' हा आकडा वेगळा मोजा आणि तो एका माणसाच्या नावावर टाका.

दुसरा प्रश्न: मधेच अडलं तर? माल राखला, बयाणा घेतला, आणि आदल्या रात्री टेम्पोचा क्लच गेला. इथे प्रत्येक पावलाचं उलटं पाऊल आधीच लिहिलेलं हवं. राखलेल्या मालाचं उलटं पाऊल म्हणजे मोकळा करणं, बयाण्याचं म्हणजे परत करणं किंवा पुढच्या तारखेला लावणं, डिलिव्हरी चलनाचं (मालासोबत जाणाऱ्या कागदाचं) म्हणजे रद्द करणं. पोहोचवलेल्या मालाचं उलटं पाऊल म्हणजे दुसरी फेरी, तेवढा डिझेलचा खर्च. यावरून क्रमाचा नियम निघतो. फुकटात उलटता येणारी पावलं आधी घ्या, महागात उलटणारी शेवटी. गाडीची वेळ पक्की होण्याआधी 40 कूलर टेम्पोत चढवून ठेवणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. गाडी दुसरीकडे लागली की सगळे उतरवावे लागतात, आणि चढ-उतारात टाकीचे कोपरे आणि मागच्या जाळ्या दबतात.

भाड्याच्या मालाची मालकी बदलत नाही, म्हणून तो विक्रीच्या बिलावर न पाठवता डिलिव्हरी चलनावर पाठवायचा आणि बिल भाड्याचं करायचं. बिल सेवेच्या पत्रकात विक्री आणि भाडं हे दोन रस्ते वेगळे दाखवा. नाही दाखवले तर घाईत भाड्याचा कूलर विकल्यासारखा बिलात जातो आणि स्टॉकमधून कायमचा कमी होतो.

ही साखळी चालवायची कुणी? दोन रीती आहेत. एक सूत्रधार नेमायचा, जो प्रत्येक सेवेला क्रमाने हाक देतो. किंवा इशाऱ्यावर चालवायचं: 'माल राखला' अशी चिठ्ठी फळ्यावर लागली की पोहोचवणी आपणहून गाडी ठरवते, 'पोहोचला' दिसलं की बिल निघतं. भाड्याच्या मोठ्या ऑर्डरींना सूत्रधार हवाच, कारण तिथे तारीख चुकली तर दुसरी संधी नाही. रोजच्या किरकोळ विक्रीला इशारे पुरतात, सूत्रधार ठेवला तर तोच तुंबतो. दोन्ही रीती एकाच धंद्यात असायला काहीच हरकत नाही.

सहावी पायरी: आतल्या आत भाव लावणं

हा भाग छोटा आहे, पण तो टाळू नका. पोहोचवणीचा महिन्याचा खर्च, म्हणजे चालक, डिझेल, हप्ता, दुरुस्ती मिळून, 1,80,000 धरला आणि महिन्याला 900 फेऱ्या झाल्या तर फेरीमागे 200 रुपये. ते 200 मागणाऱ्या विभागाच्या खात्यावर टाका. 350 रुपयांच्या पंपासाठी वेगळी फेरी मागणारा दुरुस्ती विभाग मग आपणहून दुपारच्या फेरीपर्यंत थांबतो. शिवाय बाहेरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा दर समोर ठेवून तुलना करता येते. खर्चाची वाटणी पैशापर्यंत अचूक असावी असा हट्ट धरू नका. तिमाहीला एकदा काढलेला ठोक आकडा पुरे.

सातवी पायरी: अटी बदलणं

पत्रक छापलं की दगडावरची रेघ झाली असं होत नाही. पण ते कधीही, कसंही बदललं तर त्यावर कुणी विसंबत नाही. नवीन आवृत्ती निघाली की तारीख टाका, मागणाऱ्यांना 15 दिवस आधी कळवा, आणि काही काळ जुनी व नवी दोन्ही रीत चालू ठेवा. समजा उद्यापासून मॉडेलच्या नावाऐवजी कोड द्यायचा आहे. महिनाभर नावही चालेल, पण गोदाम उत्तरात कोड लिहून पाठवेल. महिन्याने नाव बंद. मार्च ते जून या काळात आवृत्ती बदलायची नाही, जीव जाण्याइतकी अडचण असेल तरच अपवाद. सगळी पत्रकं एका भिंतीवर आणि एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा 45 मिनिटं सगळे कर्ते बसतील आणि त्या महिन्यात पत्रकाबाहेर किती मागण्या आल्या तेवढंच पाहतील. एकच बाहेरची मागणी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती नवी सेवा तरी आहे, किंवा जुन्या पत्रकात एक ओळ कमी तरी आहे.

तंत्रज्ञान आता आणा

दिवसाला 15-20 मागण्या असतील तर फोन आणि रजिस्टर पुरतं. त्यापुढे ऑनलाइन फॉर्म आणि सामायिक शीट आणा. मागण्या शंभरावर गेल्या, किंवा बाहेरच्या वेबसाइटवरून ऑर्डर येऊ लागल्या, की प्रोग्रामरला बोलवा आणि त्याच्या हातात पत्रकं द्या. 'मागताना द्यायचं' ही ओळ म्हणजे त्याच्या एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काम मागण्याच्या ठरलेल्या मार्गाची) विनंती. 'उत्तर' म्हणजे प्रतिसाद. 'तीच मागणी पुन्हा आली तर' ही ओळ वाचून जाणता प्रोग्रामर मनापासून खूश होतो, कारण हे ठरवून देणारा ग्राहक त्याला क्वचित भेटतो.

या टप्प्यावरचा मोठा सापळा म्हणजे सगळे नियम मधल्या एका जोडणी-सॉफ्टवेअरमध्ये कोंबणं. उधारीची मर्यादा, कराचा दर, टेम्पोची क्षमता सगळं तिथेच गेलं की कर्त्यांच्या हातात काही उरत नाही, आणि एक अट बदलायला त्या एकाच माणसाची वाट पाहावी लागते. मोठ्या कंपन्यांनी 2000 नंतरच्या दशकात महागड्या जोडणी-प्रणाली घेतल्या आणि कामाची वाटणी जुनीच ठेवली, त्यामुळे अपेक्षित फायदा दिसला नाही. जानेवारी 2009 मध्ये विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी एसओए मेल्याचं लिहिलं, तेव्हा त्याच लेखात सेवा मात्र जगणार आहेत असंही म्हटलं होतं. जोडणीचं सॉफ्टवेअर फक्त निरोप्या असावं. निर्णय सेवेच्या आतच राहू द्या.

ही सगळी मांडणी सहा-सात माणसांच्या दुकानाला नको. तिथे सगळे एकमेकांच्या नजरेसमोर असतात, आणि पत्रकं लिहिण्यात जाणारा वेळ गिऱ्हाइकाला दिलेला बरा. दुसरं ठिकाण खुलं, किंवा एकाच मालावर दोन धंदे उभे राहिले, की ती वेळ आली समजा.

एका वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये मागणी-वही. जुलैमध्ये चिठ्ठ्या आणि नावं, चार दिवसांचं काम. ऑगस्टमध्ये स्टॉक राखणं या एकाच सेवेचं पत्रक लिहून लागू करा, कारण बाकी सगळ्या सेवा तिच्यावर टेकलेल्या आहेत. दिवाळीनंतर पोहोचवणी, बसवणी आणि बिल. डिसेंबर-जानेवारीत उधारी आणि वसुली. त्यांचे नियम नाजूक असतात आणि जुन्या गिऱ्हाइकांशी बोलून ठरवावे लागतात, म्हणून मुद्दाम शेवटी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम घ्या. 40 कूलरची खोटी ऑर्डर सोडा आणि मधेच, कुणालाही न सांगता, टेम्पो बंद पडल्याचा निरोप द्या. अर्ध्या तासात तीन गोष्टी तपासा: राखलेला माल मोकळा झाला किंवा पुढच्या वेळेला लागला का, कार्यालयाच्या व्यवस्थापकाला कुणी कळवायचं हे कुणाला विचारावं लागलं का, आणि गोंधळात तीच ऑर्डर दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा लिहिली गेली का. जिथे अडलं, ती ओळ त्याच संध्याकाळी संबंधित पत्रकात लिहा. मार्चच्या गर्दीला अजून वेळ असतो, दुरुस्तीला तेवढे दिवस पुरतात.